इस्त्री बंद ठेवल्याबद्दल

प्रिय ताई,

कापडाच्या कोलाजची, म्हणजे कापडाचे तुकडे लावून चित्र करायची, कार्यशाळा संपली त्या संध्याकाळी मी नुसतंच 'येते' म्हणाले आणि निघाले. घाई होती, आणि काय बोलावं ते सुचतही नव्हतं. आज महिना झाला. हे सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुमच्यासारखं शिकवणारं माणूस असतं हे इतरांनाही कळायला हवं.

मी पंधरा वर्षं गोधड्या शिवतेय. नेहमी आराखड्यावरून, पट्टी लावून कापलेल्या, पाव इंचाची शिवण धरून. कोपऱ्याला कोपरा जुळला की मला फार बरं वाटतं, अजूनही वाटतं. कापडाच्या कोलाजलाही मी तशीच तयारी करून आले होते. कागदावर कावळ्याचं चित्र काढलं होतं, आणि काळ्या कापडाला मागून फ्युजिंग, म्हणजे इस्त्रीच्या उष्णतेने चिकटणारा कागद, लावून अख्खा कावळा घरूनच कापून आणला होता. आल्या आल्या चिकटवायचा आणि उरलेले दोन दिवस शिवत बसायचं, असा माझा बेत.

तुम्ही इस्त्रीचा प्लग काढून ठेवला होता. "दुपारपर्यंत कुणी काहीही चिकटवायचं नाही. टाचण्या हव्या तेवढ्या घ्या."

मला ते अजिबात आवडलं नव्हतं, हे आज कबूल करते. त्यातच माझ्या लक्षात आलं की कावळा उलटा कापला गेलाय. फ्युजिंगच्या कागदावर काढलेली आकृती कापडाच्या सुलट बाजूला उलटी उमटते. हे मला ठाऊक होतं, तरी त्या दिवशी विसरले. माझ्या कावळ्याची चोच चौकटीबाहेर निघाली होती आणि पाठ चित्राकडे होती. घशात आवंढा आला. तुम्ही 'असू दे' म्हणाला नाहीत, 'परत काप' असंही म्हणाला नाहीत. तो कावळा तुम्ही, तुकडे लावून लांबून बघायला भिंतीवर ताणलेल्या फ्लॅनेलच्या मऊ कापडावर लावला आणि मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन उभं केलंत.

"तुला काय दिसतं? मला तर तिथे भोक दिसतंय."

मलाही भोकच दिसत होतं. कावळ्याच्या आकाराचं, काळं, सपाट.

मग तुम्ही चिंध्यांची पिशवी माझ्यापुढे ओतलीत आणि म्हणालात, यातला काळा सोडून काहीही घे. गडद निळा होता, वांग्यासारखा जांभळा होता, बाटलीसारखा हिरवा, तपकिरी, एक बारीक रेघांचा, एक विटकी डेनिम. चित्र बाजूला ठेवायला सांगितलंत. माझा हात कात्रीवर अडला तेव्हा शेजारी बसून तुम्ही दाखवलंत ते मी आता रोज करते: टोकाने कापायचं नाही, पात्याच्या पोटाने कापायचं. आणि वळण आलं की कात्री जागच्या जागी ठेवून कापड फिरवायचं. पहिल्यांदा जमलं तेव्हा नखाएवढा जांभळा तुकडा असा वळून सुटला की ते पीसच वाटलं. मग दुसरं, मग त्यावर अर्धं चढलेलं तिसरं. तासाभरात भिंतीवर पंख उभा राहिला होता.

त्यात एक लाल तुकडा आला होता, पोटाजवळ. तो मला खुपत होता, काढणार होते. तुम्ही म्हणालात, आधी फोनवर फोटो काढ आणि तो काळा-पांढरा करून बघ. लाल कुठे गेला ते सापडेना! निळ्याच्या शेजारी तो निळ्याइतकाच गडद होता. उलट जो फिकट राखाडी मला सगळ्यात जास्त आवडला होता, तोच पंखाच्या मधोमध चुन्याचा ठिपका पडल्यासारखा दिसत होता. इतकी वर्षं मी दुकानात कापडाशी कापड लावून 'हा रंग याला जातो का' एवढंच बघत आले. रंगाआधी गडद-फिकट बघायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आकृती त्यानेच उभी राहते. गडद-फिकट बरोबर बसलं की रंग वाटेल तो चालतो, आणि कावळ्यात लालही राहतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही अमेरिकेतल्या अलाबामामधल्या जीज बेंडच्या बायकांच्या गोधड्यांचे फोटो दाखवलेत. तीन बाजूंनी नदीने वेढलेली ती वस्ती आणि गुलामगिरीत राबलेल्यांच्या त्या नाती-पणती. २००२ साली त्यांच्या गोधड्या आधी ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या संग्रहालयाच्या भिंतींवर लागल्या. माझी नजर मात्र कामाच्या जुन्या पँटींपासून केलेल्या गोधडीवर अडकली. खिसा उसवून काढलेल्या जागी कापड विटलं नव्हतं, तिथे मूळचा गर्द निळा चौकोन तसाच राहिला होता. "तो चौकोन तिने झाकला नाही. तिला तो दिसला होता," असं तुम्ही म्हणालात आणि पुढच्या फोटोकडे वळलात. मी मात्र तिथेच राहिले. उत्स्फूर्त काम म्हणजे हाताला येईल ते लावणं, असा माझा समज होता. तुकडा लावायच्या आधी त्याच्याकडे इतकं बघायचं असतं, हे मला त्या चौकोनाने दाखवलं.

चिकटवण्याबद्दल फार लिहीत नाही. इस्त्री फिरवायची नाही, ठेवायची आणि उचलायची, नाहीतर तुकडे सरकतात, एवढं पक्कं लक्षात राहिलंय. नुसतं चिकटवून थांबणारे पुष्कळ आहेत, पण माझ्या मते टाक्याशिवाय ते काम अर्धंच. कडा मोकळ्या असतात, धुतल्या की दशा सुटतात. आणि पिसाच्या मधली रेघ शेवटी दोराच काढतो.

तिथेच माझा मोठा घोटाळा झाला. कापड पुढे सरकवणारे मशीनचे दात खाली केले, कापड दाबून धरणारा रफूचा फूट लावला, कापड हाताने फिरवायला लागले, आणि फूट खाली घ्यायचाच राहिला. वरून सगळं छान दिसत होतं. उलटं केलं तर मागे दोऱ्याचं घरटं. शेवटचा तास चालू होता, बाकीच्यांची कामं जवळजवळ झाली होती. तुम्ही खुर्ची ओढून घेतलीत आणि एकही शब्द न बोलता उसवायला बसलात. मागचे दोरे तुम्ही रिपरने, टाके उसवायच्या त्या छोट्या हत्याराने, तोडत होतात, मी पुढून चिमट्याने ओढत होते. वीस मिनिटं तरी लागली असतील. एकदाही घड्याळाकडे बघितलं नाहीत. उसवून झाल्यावर माझा हात धरून फुटाच्या दांडीवर ठेवलात आणि म्हणालात, "आता आधी हे, मग पाय."

ताई, मला इतक्या शांतपणे कुणी चूक उसवून दिलेली नाही. त्यासाठी मी तुमची ऋणी आहे.

कावळा पूर्ण झालाय. आता तो चौकटीच्या आत बघतोय, आणि लाल तुकडा जागेवर आहे. घरी मी एका भिंतीला जुनी फ्लॅनेलची चादर ताणून लावलीय. तिच्यावर गेले अकरा दिवस एक झाड टाचण्यांवर उभं आहे. खोडाला कुठला तपकिरी लावायचा ते ठरत नाहीये. रोज येता-जाता एखादा तुकडा हलवते, फोटो काढते. इस्त्री कपाटात आहे.

तुमचा निळ्या मुठीचा रिपर माझ्या पिशवीत आलाय, तो परवा सापडला. झाड झालं की घेऊन येते.

तुमची,
खिडकीजवळच्या मशीनवरची विद्यार्थिनी