दादाला करीचं उदाहरण देऊ नका, बाबा

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे फोनवर बोलता आलं नसतं, कारण फोन दादाच्याच हातात असतो. म्हणून लिहून काढलं आणि सांगलीला निघालेल्या मैत्रिणीबरोबर पाठवते आहे. आई, बाबांचा चष्मा शोधून दे आणि आधी त्यांना एकट्यानं वाचू दे. मग तू वाच.

गेल्या रविवारी घरात पाहुणे बसले होते. बाबा, तुम्ही त्यांच्यासमोर दादाला म्हणालात, "त्या करीकडे बघ, पाय गेला होता तरी जिद्द सोडली नाही. तुझ्या बहिणीकडे बघ. कष्टाला फळ मिळतंच." दादा काही बोलला नाही. फोन आईच्या हातात देऊन तो बाहेर गेला. मला पडद्यावर फक्त त्याची पाठ दिसली. चार दिवस झाले, ती पाठ माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

करीची, त्या वॉरियर्स संघाच्या बास्केटबॉल खेळाडूची, ओळख तुम्हाला मीच करून दिली, म्हणून त्याची पुरती गोष्ट सांगणंही माझंच काम आहे. २०२२ च्या जूनमध्ये तुम्ही दोघं इथं अमेरिकेत होतात. वॉरियर्सची बोस्टनशी अंतिम मालिका चालली होती. बाबा वही घेऊन बसायचे आणि लांबून मारलेले किती, आत गेलेले किती, याच्या उभ्या रेघा ओढायचे. १६ जूनला १०३-९० ने सामना संपत आला तेव्हा करी मैदानावरच खाली बसून रडला. आई, तूही पदर डोळ्यांना लावलास. २० तारखेला सॅन फ्रान्सिस्कोच्या मार्केट स्ट्रीटवर विजयाची मिरवणूक पाहायला गेलो तेव्हा बाबा मला म्हणाले, "आठ वर्षांत चार विजेतेपदं. याला म्हणतात गुणवत्ता." मी मान डोलावली. ती मान अर्धीच डोलवायला हवी होती.

२००९ पासून सुरू करते. अमेरिकेत नवे खेळाडू संघांनी क्रमानं निवडायचे असतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. दुबळ्या संघांचा नंबर आधी लागतो. त्या वर्षी पाचवी आणि सहावी, अशा लागोपाठच्या दोन्ही संधी मिनेसोटाकडे होत्या. त्यांना करीच्याच जागेवर खेळणारा माणूस हवा होता. त्यांनी तसे दोन घेतले, रिकी रुबिओ आणि जॉनी फ्लिन. करीला घेतलं नाही. सातवा नंबर वॉरियर्सचा होता. आठवा न्यूयॉर्कचा, आणि तेही करीची वाट पाहत होते. मिनेसोटानं दोनपैकी एका नावाच्या जागी त्याचं नाव घेतलं असतं, तर आपण मार्केट स्ट्रीटवर गेलोच नसतो.

आता २०१२. बाबा, तुम्ही गणिताचे मास्तर, म्हणून हे मुद्दाम तुमच्यासाठी. त्या हंगामात वॉरियर्सनं ६६ पैकी ४३ सामने गमावले. त्यांची पुढच्या ड्राफ्टमधली संधी आधीच्या एका सौद्यात गेलेली होती. पहिल्या सातांत नंबर आला तरच ती त्यांच्याकडे राहणार होती, नाहीतर युटाला मिळणार होती. टोरोंटोनंही बरोबर ४३ च गमावले होते. मग या दोघांत खालचा कोण, हे ठरवलं कसं? नाणेफेकीनं. खरोखरचं नाणं उडवलं. ते वॉरियर्सच्या बाजूनं पडलं, त्यांना सातवा नंबर मिळाला आणि त्यातून हॅरिसन बार्न्स आला. तीनच वर्षांनी जो संघ अजिंक्य झाला, त्यात तो पहिल्या पाचांत खेळत होता.

त्याच ड्राफ्टमध्ये ३५ व्या नंबरावर ड्रेमंड ग्रीन मिळाला. ३४ निवडी झाल्या तरी त्याचं नाव कुणी पुकारलं नव्हतं, खुद्द वॉरियर्सनंही नाही. त्यांनी त्याच्याआधी दोघांना घेतलं होतं. पुढं तोच त्यांच्या बचावाचा कणा झाला. तेही कसं, तर २०१४ च्या हंगामाच्या तोंडावर डेव्हिड ली या मोठ्या खेळाडूच्या मांडीचा स्नायू दुखावला आणि ग्रीनला त्याची जागा मिळाली. ली धडधाकट असता तर? प्रशिक्षक स्टीव्ह करही तेव्हा नवेच होते. न्यूयॉर्कहून त्यांचे जुने गुरू फिल जॅक्सन बोलावत होते, पण ते इकडे आले. त्यांची मुलगी तेव्हा इथं बर्कलेत शिकत होती. मुलीच्या कॉलेजमुळं बापाचा मुक्काम ठरतो, हे तुम्हाला मी काय सांगू.

२०१५ ला ४० वर्षांनी विजेतेपद आलं. समोर क्लीव्हलंड होतं. त्यांचा केविन लव्ह पहिल्याच फेरीत खांदा निखळून बाहेर गेलेला, आणि कायरी अर्विंगचा गुडघा अंतिम मालिकेच्या पहिल्याच सामन्यात गेला. तीन मोठ्यांपैकी एकटा लेब्रॉन जेम्स उरला. पुढच्या वर्षी वॉरियर्सनं ८२ पैकी ७३ सामने जिंकले. इतके एका हंगामात आजवर कुणीच जिंकलेले नाहीत. अंतिम मालिकेत ३-१ असे पुढंही होते, तरी हरले. पाचव्या सामन्यात ग्रीनवर बंदी आली, त्याच सामन्यात त्यांचा उंच खेळाडू बोगट जखमी झाला. त्या हंगामात संघमालक जो लेकब अभिमानानं म्हणाले होते की आपली संस्था बाकीच्यांच्या कितीतरी प्रकाशवर्षं पुढं आहे. तीच माणसं, तीच बुद्धी, आणि सातवा सामना ९३-८९ ने गेला. चार गुणांनी.

याचा अर्थ त्यांचं सगळं फुकटचं होतं, असं मी मुळीच म्हणत नाही. मी दहा वर्षं हा संघ डोळ्यांत तेल घालून पाहिला आहे. करीचे वडील डेल स्वतः एनबीएत, म्हणजे बास्केटबॉलच्या याच मोठ्या स्पर्धेत, खेळलेले. मुलगा शाळेत असताना कमरेपासून चेंडू फेकायचा. त्यांनी एका उन्हाळ्यात त्याची ती सवय मोडून डोक्यावरून फेकायला शिकवलं. आधी जमत होतं ते सोडून नवीन शिकायचं, आणि मध्ये कितीतरी दिवस काहीच आत जात नाही, असा तो काळ. तो त्यानं काढला. किंवा आंद्रे इग्वोडाला. आयुष्यभर सुरुवातीपासून खेळलेला माणूस, कर यांनी त्याला बाकावर बसवलं आणि तो बसला. मग २०१५ च्या मालिकेत २-१ ने मागं पडल्यावर निक यू'रेन नावाच्या तरुण मदतनिसानं सुचवलं की उंच बोगटऐवजी इग्वोडालाला पहिल्यापासून उतरवू. कर यांनी ऐकलं आणि जिंकल्यावर त्या पोराचं श्रेय सगळ्यांसमोर त्यालाच दिलं. मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू इग्वोडाला ठरला. बाबा, ज्याच्याकडं मोठेपणा नाही त्याच्याकडं असलं घडत नाही.

पण तशी हुशार माणसं इतरही होती. विवेक रणदिवे आठवतात? मुंबईत वाढलेला माणूस वॉरियर्सच्या मालकांत होता हे ऐकून तुम्ही केवढे खूश झाला होता. २०१३ मध्ये तेच शेजारच्या सॅक्रामेंटोच्या संघाचे मालक झाले. तोच माणूस, तीच जिद्द, इथून दीड-दोन तासांच्या अंतरावर. त्या संघाला नुसतं प्ले-ऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, पोहोचायला २०२३ उजाडलं.

आता आपल्या घरात येते.

तुम्ही मला मेहनतीचं फळ म्हणता. माझा इथला व्हिसा सोडतीतून निघाला आहे. वर्षाला ८५,००० जागा, अर्ज त्याच्या कितीतरी पट, आणि कुणाचा काढायचा हे तेव्हा संगणक ठरवायचा. त्याला गुण दिसत नव्हते, अभ्यास दिसत नव्हता. माझा पहिल्याच खेपेला निघाला. माझ्याबरोबर एका खोलीत राहणारी, माझ्याहून हुशार, जिच्या वह्या वाचून मी दोन विषय सोडवले, तिचा तीनदा नाही निघाला. ती परत गेली. मी राहिले. आमच्यात फरक होता तो एवढाच.

आणि त्याहून आधीचं. बाबा, तुमचा अपघात झाला तेव्हा दादा कृषी महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षाला होता आणि मी नववीत. तो परत आला आणि त्यानं द्राक्षाची बाग हातात घेतली. मी नववीत होते म्हणून मला कुणी काही सोडायला सांगितलं नाही. मी त्याच्याआधी जन्मले असते तर हे पत्र आज दादा लिहीत असता.

त्या नोव्हेंबरातला पाऊस तुम्हीही पाहिलात. आपली फळछाटणी ऑक्टोबरच्या मध्याला झाली आणि अवकाळी आला तेव्हा बाग ऐन फुलोऱ्यात होती. घड कुजले, उरलेल्यावर दावण्याची बुरशी. दादा रात्री दोनला ब्लोअर घेऊन फवारत होता, हे आईनंच मला सांगितलं. बांधापलीकडच्यांनी पंधरा दिवस आधी छाटली होती, त्यांचे मणी सेट होऊन गेले होते, त्यांचा माल निघाला. जमीन तीच, पाणी तेच, औषधाचं दुकानही तेच. तारखेचा फरक. त्यांनी तारीख पंचांग पाहून धरली नव्हती, त्यांना मजूर आधी मिळाले एवढंच. दादानं कुठं कमी केलं ते मला दाखवून द्या, मी हे पत्र फाडून टाकीन.

मला वॉरियर्सचं सगळ्यांत मोठं कर्तृत्व कोणतं वाटतं, ते सांगते. ते त्या ७३ विजयांत नाही. २०११-१२ मध्ये करीचा घोटा इतका बिघडला होता की ६६ पैकी तो २६ च सामने खेळला. दोन शस्त्रक्रिया झाल्या. काचेचा पाय म्हणत लोक. त्याच २०१२ च्या शरदात संघानं त्याच्याशी चार वर्षांचा ४ कोटी ४० लाख डॉलरचा करार केला. दुखऱ्या पायामुळं तो स्वस्तात मिळाला, हेही खरंच. त्याच स्वस्ताईमुळं पुढं २०१६ मध्ये केविन ड्युरंटला घ्यायला जागा झाली. म्हणजे वाईट नशिबातून चांगलं नशीब निघालं. पण ते केव्हा, तर कुणीतरी मधली चार वर्षं त्याच्यावर विश्वास ठेवून धरून राहिलं तेव्हा.

तसंच क्ले थॉम्पसनचं. २०१९ च्या अंतिम मालिकेत त्याचा गुडघा फाटला. तेव्हा समोर टोरोंटोच होतं, आणि या वेळी जखमी माणसं आपल्या बाजूला होती. त्याच उन्हाळ्यात संघानं त्याच्याशी पाच वर्षांचा १९ कोटी डॉलरचा करार केला, तो चालूही शकत नसताना. दीड वर्षानं परत येण्याच्या बेतात असताना दुसऱ्या पायाचा टाचेचा स्नायुबंध तुटला. मधल्या एका हंगामात संघ १५ जिंकला, ५० हरला, सगळ्यांत तळाला गेला. तरी त्याला कुणी म्हणालं नाही की अमक्याकडं बघ. ९४१ दिवसांनी, ९ जानेवारी २०२२ ला, तो मैदानावर उतरला. त्याच्यापुढचा जून तुम्ही माझ्या घरी बसून पाहिलात.

त्यांच्याकडं कोट्यवधी होते म्हणून थांबता आलं, आपल्याकडं नाहीत, हे मला कळतं. आपल्या घरात थांबण्याला पैसा लागतो त्यापेक्षा जास्त तुमचा एक शब्द लागतो, बाबा. तुम्ही पाहुण्यांसमोर गप्प बसलात तरी दादाला पुरे आहे.

पैशाचंही लिहिते. बागेवर प्लास्टिकचं आच्छादन घालायचं दादाच्या मनात आहे, तो तुमच्याजवळ बोललेला नाही. एक एकर तरी या वर्षी झाकू दे. निम्मे मी पाठवते, ते पैसे जेवढे माझे तेवढेच त्याचे आहेत, आणि निम्मे तो सोसायटीतून काढील. हे त्याला तुम्ही सांगा, मी सांगितलं तर तो घेणार नाही. आणि यंदा छाटणीच्या दिवशी बागेत जा. गुडघ्यांनी चालवत नसेल तर बांधावर खुर्ची टाकून बसा. तारीख त्यानं धरलेली असेल ती असू द्या.

आई, तुझ्या कंबरेसाठी पट्टा पाठवते आहे, मैत्रिणीच्या बॅगेत खालच्या कप्प्यात आहे. लाज न धरता वापर. दादाच्या बागेतला बेदाणा संपत आलाय. पुढची पिशवी त्याला स्वतःच्या हातानं भरायला सांग, आणि आत चिठ्ठी टाकायला सांग. दोन ओळी चालतील.

तुमची,
बेबी