परतीच्या तिकिटाबद्दल

बडोदे

चि. ईशास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली तिकिटं नीट पाहिली. जाण्याचं उत्तम आहे. परतीचं मात्र बदलावं लागेल. हे फोनवर आईसमोर बोललो असतो तर तिने प्रवासच रद्द करून टाकला असता, म्हणून लिहितो.

दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला साडेचौदा तास, तर येतानाही साधारण तेवढेच, असं तू धरलंस. अगं, मी जन्म रेल्वेत काढला. बडोदे ते मुंबई सेंट्रल 392 किलोमीटर, अप असो की डाऊन. विमानाचं तसं नाही. तू मोजलेलं 12,400 किलोमीटर अंतर बरोबर आहे. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धर, तो सैबेरियावरून थेट आर्क्टिकमध्ये शिरतो. पण वाटेत हिमालय आणि तिबेट. केबिनमधला दाब गेला तर विमानाला तातडीने 10,000 फुटांपर्यंत उतरावं लागतं. तिथे जमीनच त्याहून उंच! म्हणून वळसा.

यातली खरी गंमत वाऱ्याची आहे. एअर इंडियाचं हे विमान आधी अटलांटिकवरून जायचं. ऑक्टोबर 2016 पासून ते उलट दिशेने, प्रशांत महासागरावरून न्यायला लागले. अंतर सुमारे 1,400 किलोमीटरने वाढून 15,300 वर गेलं आणि वेळ मात्र जवळजवळ दोन तासांनी घटला. दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचा वेगवान वारा वाहतो, तो विमानाला पाठीमागून रेटतो. समोरचे काका म्हणतात, पृथ्वी फिरते म्हणून वेळ वाचतो. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते, हे त्यांना कोण सांगणार? आणि पृथ्वी फिरते पूर्वेकडेच, तेव्हा त्यांचंच खरं मानलं तर पूर्वेला जाणाऱ्याचं गाव पुढे पुढे पळालं असतं!

आता परतीचं बघ. तोच वारा येताना तोंडावर. त्यातून तू तिकीट काढलंस डिसेंबरचं, आणि थंडीत हा वारा सर्वांत जोरात असतो. त्यामुळे वेळ जास्तच लागणार. तू दिल्लीला बडोद्याचं विमान दोन तासांनी ठेवलंयस, तेही वेगळ्या तिकिटावर. इमिग्रेशन, सामान, पुन्हा चेक-इन... चुकलं तर पैसे गेलेच, वर आईची बोलणी मला. ते बडोद्याचं तिकीट रद्द कर. आम्ही मावशीकडे रात्र काढू आणि दुसऱ्या दिवशी राजधानीने येऊ. जवळपास हजार किलोमीटर, झोपून.

आईचा वेगळाच प्रश्न आहे. दिल्लीहून पहाटे 4 ला निघून तिथे त्याच तारखेला सकाळी 6-साडेसहाला उतरायचं, मध्ये एक अख्खा दिवस आणि रात्र विमानातच उरकणार. तर संकष्टी आली असती तर चंद्रोदय कुठला धरायचा? कॅलेंडरात गावोगावच्या वेळा आहेत, विमानाची नाही. मी तारीख पाहिली, संकष्टी येत नाही, तेव्हा सुटलो.

गुडघ्यांसाठी दोघांनाही मधल्या वाटेलगतच्या सीट घे, एकामागे एक असल्या तरी चालतील. पोचल्या दिवशी कोणाला जेवायला बोलावू नकोस.

लीलो चेवडा किती आणायचा ते आईला सांग. तिकीट बदललंस की कळव.

तुझा,
बाबा