मॉडेल विमानांचा अंतर्भाग रंगवताना

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या छंदविषयक पानावरील लढाऊ विमानांच्या मॉडेलांचा लेख आवडला. मात्र दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी विमानांचा अंतर्भाग सरसकट ‘झिंक क्रोमेट हिरवा’ रंगवावा, हा त्यातील सल्ला नवशिक्यांची दिशाभूल करणारा आहे.

झिंक क्रोमेट हा मुळात ॲल्युमिनियमची झीज रोखण्यासाठी दिला जाणारा प्रायमर, म्हणजे मुख्य रंगाखालचा पहिला थर असून त्याचा अंगचा रंग हिरवट पिवळा असतो. त्यात काळा रंग मिसळला की तो हिरव्याकडे झुकतो. कॉकपिटमधला ‘इंटिरियर ग्रीन’ तर याहूनही गडद आणि निस्तेज. त्यामुळे एकाच विमानात दोन-तीन छटा सहज आढळतात. पी-५१ मस्टँग या अमेरिकी लढाऊ विमानाचे कॉकपिट हिरवे, पण चाके ज्या पोकळीत मिटतात तिथला मुख्य स्पार (पंखाला आधार देणारी तुळई) पिवळ्या प्रायमरचा आणि उरलेला बराचसा भाग उघड्या धातूचा असे. आज उडणाऱ्या, डागडुजी केलेल्या काही मस्टँगमध्ये ही पोकळी संपूर्ण हिरवी दिसते आणि तीच छायाचित्रे आपण पुरावा म्हणून वापरतो! सुरुवातीच्या कोर्सेअर या अमेरिकी लढाऊ विमानांमध्ये तर तांबूस, सॅमन छटेचा प्रायमरही होता.

इतर देशांची तऱ्हा आणखी वेगळी. जर्मन मेसरश्मिट १०९ च्या ‘ई’ आवृत्तीत कॉकपिट करड्या-हिरव्या आरएलएम ०२ (आरएलएम म्हणजे जर्मन हवाई मंत्रालयाचे रंगक्रमांक) रंगाचे, तर नंतरच्या ‘जी’ आवृत्तीत गडद करड्या आरएलएम ६६ चे; चाकांच्या पोकळ्या मात्र पुढेही बहुधा ०२ मध्येच राहिल्या. जपानी विमानांतील ‘आओताके’ हा पारदर्शक निळसर-हिरवा लाखेचा थर असल्याने खालचा धातू त्यातून चमकतो. तो अपारदर्शक रंगाच्या एका बाटलीतून साधत नाही. आधी चांदीसारखा रंग देऊन वर पारदर्शक निळा व हिरवा यांचे पातळ हात द्यावे लागतात. हे काम किचकट असले तरी त्याचे चीज होते.

किटमधले पत्रक बहुतेकदा त्याच कंपनीच्या रंगमालेतील जवळची बाटली सुचवते, त्यामुळे तेवढ्यावर विसंबू नये. कृष्णधवल छायाचित्रांतून छटा कळत नाही, पण कोणता भाग रंगवलेला आणि कोणता उघडा हे पुष्कळदा कळते, आणि माझ्या मते छटेच्या बारकाव्यापेक्षा तेच आधी बरोबर असायला हवे.

पुढील लेखात रंगांचे कोष्टक दिल्यास त्यात विमानाचा निर्माता, आवृत्ती आणि विमानातील नेमकी जागा असे रकाने ठेवावेत, ही विनंती.

आपला,
एक वाचक