विळी भंगारात देऊ नकोस

फालून, स्वीडन
21 सप्टेंबर

ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. नमस्कार.

रविवारी फोनवर आई सहज बोलून गेली, "जुनी विळी भंगारवाल्याला देऊन टाकते, स्टीलची नवी आणलीय." मी काही बोलणार तोवर दारात कुणीतरी आलं आणि फोन ठेवावा लागला. तेव्हापासून तेच डोक्यात आहे. आई, हे पत्र वाचून होईपर्यंत तरी विळी जाऊ देऊ नकोस.

आधी माझ्या नव्या सुरीबद्दल सांगते, म्हणजे मी विळीसाठी एवढी का अडून बसले आहे ते कळेल. जुलैत मी मूरा नावाच्या गावी गेले होते. इथून वायव्येला, सिलियान तळ्याकाठी आहे. त्याला लागूनच ओस्तनूर म्हणून खेडं आहे, आणि तिथे 1891 पासून सुऱ्यांचा कारखाना चालत आला आहे. स्वीडनमध्ये सुतार, मच्छीमार, शाळेत सुतारकाम शिकणारी पोरं, सगळ्यांच्या हाती मूराची सुरी असते. तिथून मी एक घेतली. बर्च लाकडाची लाल रंगवलेली मूठ, सुमारे 10 सेंटिमीटरचं पातं, जाडी 2 मिलिमीटर. घडीची नव्हे, पातं मुठीत कायमचं पक्कं बसवलेलं. दुकानात स्टेनलेसचीही होती. पण बाबा, साध्या पोलादाची हातात घेतली आणि तुमचा कोयता आठवला. मग दुसरीकडे बघितलंच नाही.

आई, काळजी करू नकोस. सुरी घेऊन मी रस्त्यानं हिंडत नाही. विनाकारण सार्वजनिक जागी सुरी बाळगायला इथे कायद्यानं बंदी आहे. रानात अळंब्या काढायला जाताना चालते. घरी येताना ती म्यानात घालून पिशवीच्या तळाशी ठेवते. आणि हो, इथल्या रानात कुणीही जाऊन अळंबी, रानफळं गोळा करावीत, जमीन कुणाची का असेना. आपल्याकडे श्रावणात अळंबी येतात तशी इथे ऑगस्ट-सप्टेंबरात कांतारेल नावाची हळदीसारखी पिवळी अळंबी येते. बुंध्याशी कापायची, तिथल्या तिथे माती खरवडायची. सुरीचं पहिलं काम तेच.

घरी आणली तेव्हा पातं आरशासारखं होतं. पहिल्या दिवशी एक सफरचंद कापलं आणि पुसलं. दहा मिनिटांनी बघते तर टोकाशी फिकट निळी छटा! मोराच्या मानेवर असते ना, त्याच जातीची. दुसऱ्या दिवशी बटाटे चिरले, तर मधोमध राखाडी ढग. कांद्यानं मात्र सुरुवातीला त्रास दिला. फोडी काळपट पडायच्या आणि हाताला लोखंडाचा वास यायचा. दोनेक आठवड्यांत तो वास गेला. आता कांदा पांढराच्या पांढरा राहतो, कारण पात्यानं आपलं कवच धरलं आहे. त्या काळसर-निळ्या थराला इथे पॅटिना म्हणतात.

एकदा माझ्याकडून चूक झाली. लिंबू कापलं आणि सुरी तशीच ओली ओट्यावर ठेवून झोपले. सकाळी मुठीजवळ नारिंगी ठिपके. पोटात गोळा आला. तेल लावून हलक्या हातानं घासले, गंज गेला, पण एक बारीक खड्डा राहिला आहे. बोट फिरवलं की लागतो.

तो गंज पुसताना मला आजी दिसली. बाबा, तुम्हाला आठवतं का? मी सातवी-आठवीत असेन. गणपतीच्या आधी पितळेची भांडी काढली होती, आणि मी हौसेनं विळीही घासायला घेतली. चिंच, राख, विटकरीची भुकटी, सगळं लावून पातं पांढरंशुभ्र केलं आणि आजीला दाखवायला नेलं. आजी काहीच बोलली नाही. नुसती विळी घेऊन बसली. भाद्रपदातली हवा, दुसऱ्या दिवशी पातं लालभडक! मग आजीनंच खोबरेल लावून ते पुसलं, आणि पुढचे कितीतरी दिवस त्या विळीवर फक्त कच्ची केळी आणि केळफूल चिरत राहिली. मला वाटायचं ती माझ्यावर रागावून तसं करते आहे. ती रागावली नव्हती. मी खरवडून टाकलेला थर ती पुन्हा चढवत होती, हे मला आज कळतंय.

केळफुलात, कच्च्या केळ्यात, सुपारीत जो तुरटपणा असतो तो लोखंडाशी मिळून काळा होतो. हिरड्याच्या पाण्यात लोखंड घालून काळा रंग करतात, तोही यातूनच. बाबा, तुमचा आडकित्ता काळाकुळकुळीत आहे तो इतक्या वर्षांच्या सुपारीनं. स्टेनलेसमध्ये निदान साडेदहा टक्के क्रोमियम असतं, त्याचा न दिसणारा थर पातं राखतो. माझ्या सुरीत लोखंड आणि साधारण एक टक्का कार्बन. कार्बनमुळे पाणी दिल्यावर, म्हणजे लाल तापवून एकदम थंड केल्यावर, पातं कडक होतं, पण गंजापासून राखणारं त्यात काही नसतं. राखतो तो हा काळा थरच. तांबडा गंज भुसभुशीत असतो, त्याचे पापुद्रे सुटतात, खालचं लोखंड पुन्हा उघडं पडतं आणि पुन्हा गंजतं. काळा थर पातळ आणि घट्ट बसलेला. गंज कायमचा थांबत नाही त्यानं, पण चांगलाच मंदावतो. बाकी पुसायचं काम आपलं.

काहीजण नवी सुरी व्हिनेगरमध्ये बुडवून किंवा मोहरीचे ठिपके देऊन एका रात्रीत पातं काळं करतात. छान नक्षी उठते. मला मात्र तसं करावंसं वाटलं नाही. माझ्या पात्यावर टोकाची निळाई त्या पहिल्या सफरचंदाची आहे, मधला ढग बटाट्यांचा आहे, आणि तो खड्डा माझ्या आळसाचा आहे. ते सगळं मला तसंच हवं आहे. फक्त धारेची पट्टी लख्ख पांढरी राहते, कारण निसण्यावर घासलं की तिथला थर निघून जातो. या सुरीच्या धारेला दोन्ही बाजूंनी एकच सपाट उतार आहे. तो दगडावर पुरता टेकवायचा आणि ओढायचा. विहिरीपाशी बसून तुम्ही कोयता पाजवायचात तेव्हा पाणी शिंपडायचं काम माझं असायचं. तो आवाज हाताला अजून माहीत आहे. पातं चुकीचं टेकलं की आवाज बदलतो आणि मी थांबते.

पुसून झाल्यावर मी खोबरेलचं बोट फिरवते, आईनं दिलेलंच. इथे ते कायम थिजलेलं असतं. बाटली हीटरजवळ ठेवावी लागते.

बाबा, अजून एक सांगायचं आहे. इथली लाकडी घरं बरीचशी तांबड्या रंगाची आहेत. तो रंग आमच्या फालूनच्या तांब्याच्या खाणीचा. खाण 1992 साली बंद झाली, पण तिथल्या टाकाऊ मातीतून रंग अजून करतात. ती माती तांबडी आहे लोखंडाच्या गंजानं, आपल्या गेरूसारखीच. पाणी, राईचं पीठ आणि जवसाचं तेल घालून ती शिजवतात, अगदी खळ शिजवावी तशी. संध्याकाळी खिडकीतून समोरचं घर दिसतं आणि तुळशीवृंदावनाला गेरू लावणारी आई आठवते.

तर आई, नवी विळी वापर, माझं काही म्हणणं नाही. तुझ्या गुडघ्यांना उंच पाटाची बरी पडत असेल. पण जुनी जाऊ देऊ नकोस. घासू तर अजिबात नकोस. कोरडी पूस, खोबरेल लाव, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेव. मार्चमध्ये येते आहे, तेव्हा मी घेऊन जाईन, मोठ्या बॅगेत नीट बसेल. बाबा, पात्याची धार बोथटली असेल तर तशीच राहू द्या, लोहाराकडे पाठवू नका. निसणा तेवढा शोधून ठेवा. आपण दोघं विहिरीपाशी बसू, या खेपेला पाणी तुम्ही शिंपडा.

तुमची,
मनू