कोटा डोरिया सांगून पॉलिस्टर पाठवलंत – साडी परत घ्या, पैसे परत करा

नमस्कार,

चॅटवर सांगून झालं, फोनवर सांगून झालं, दरवेळी "सेलमधला माल रिटर्न होत नाही" एवढंच ऐकायला मिळतंय, म्हणून आता तुमच्या तक्रार अधिकाऱ्यांना सविस्तर लिहितेय.

तुम्ही दर आठवड्याला उन्हाळ्यासाठी कपडे, ब्युटी प्रॉडक्ट्स आणि पारंपरिक वस्तूंची खास निवड काढता. चैत्र लागल्या लागल्या आलेल्या यादीत "कैथूनच्या विणकरांकडून थेट, हातमागावरची कोटा डोरिया" असं लिहून मोतिया रंगाची साडी होती (कैथून म्हणजे राजस्थानात कोट्याजवळचं विणकरांचं गाव), किंमत ४,८५०. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला सासूबाईंना नेसायला म्हणून घेतली. नागपूरचा उन्हाळा तुम्हाला माहीत असेलच, त्यात त्यांना घामोळ्यांचा भयंकर त्रास, म्हणून हलकी, हवा खेळती राहील अशी साडी हवी होती आणि त्यासाठी कोटा डोरियासारखं दुसरं काही नाही.

त्या दिवशी घर बायकांनी भरलेलं, सासूबाई सगळ्यांना आंब्याची डाळ आणि पन्हं देत होत्या आणि घामाने साडी पाठीला चिकटत होती. संध्याकाळी मान आणि कंबर लालभडक. त्या काही बोलल्या नाहीत कारण साडी मी हौसेने आणली होती, पण मला बघवेना.

मग मी साडी उजेडात धरून नीट पाहिली. खऱ्या कोटा डोरियात सुती आणि रेशमी धागे मिळून बारीक चौकटी तयार होतात, हाताने विणलेलं असल्यामुळे कुठे चौकट किंचित दाट कुठे विरळ असते, आणि कोपऱ्यात जरीने जीआयचं, म्हणजे भौगोलिक मानांकनाचं (माल त्याच भागातला असल्याची सरकारी ओळख), चिन्ह विणलेलं असतं. तुमच्या साडीत सगळ्या चौकटी अगदी एकसारख्या, चिन्ह कुठेच नाही, हातमागाच्या मालाला मिळणारं सरकारी हॅन्डलूम मार्कचं लेबलसुद्धा नाही. पदराच्या आतल्या बाजूचे दोन-तीन धागे काढून पेटवले तर ते वितळले, प्लास्टिकचा वास आला आणि टोकाला काळा कडक मणी झाला. सूत असतं तर कागदासारखं जळून राख झाली असती, रेशमाला जळलेल्या केसांसारखा वास आला असता. व्हिडिओ जोडलाय.

पॉवरलूमवरची साडी म्हणून विकली असती तर माझी काही हरकत नव्हती, तिची किंमत बघून घ्यायची की नाही ते मी ठरवलं असतं. पण तुम्ही कैथूनचं नाव लावून विकलीत. कोटा डोरियाला २००५ मध्ये जीआय मिळालं ते अशाच नकलांपासून विणकरांना वाचवायला, तिथे घराघरांत बायका मागावर बसतात, एका साडीला कितीतरी दिवस जातात, आणि त्यांच्या नावावर पैसे तुम्ही घेता! याचा मला साडीच्या पैशांपेक्षा जास्त राग आलाय.

त्याच ऑर्डरमध्ये सनस्क्रीनही होतं. ट्यूबवर एक्सपायरीच्या जागी स्टिकर, तो काढला तर खाली आधीच उलटून गेलेली तारीख. हे तर सरळ धोकादायक आहे, लोक तोंडाला लावतात आणि भरवशाने उन्हात जातात. वाळ्याचं अत्तर पाण्यासारखं पातळ, बाटलीवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता नाही, त्याबद्दल जास्त लिहीत नाही, तेही परत घ्या.

"सेलमध्ये रिटर्न नाही" हे इथे चालत नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे माल नसेल तर विक्रेत्याला तो परत घ्यावाच लागतो. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात, हेही त्याच नियमांत आहे.

मला तिन्ही वस्तूंचे पूर्ण पैसे ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात हवेत, कूपन किंवा वॉलेट पॉइंट नकोत. पिकअपचा खर्च तुमचा. साडीच्या पेजवरून "हातमाग" आणि "कैथून" हे शब्द आजच काढा आणि ज्यांनी ज्यांनी ती घेतलीय त्यांना स्वतःहून कळवा. स्टिकर लावलेल्या सनस्क्रीनची विक्री तर लगेच थांबवा.

बिल, फोटो, पेजचे स्क्रीनशॉट आणि चॅट सोबत पाठवतेय. मुदतीत उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवेन आणि तिथून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

तुमची ग्राहक,
नागपूर