हिवाळी सहलींत वेळ अमावस्या कुठे?

रविवार पुरवणीतील हिवाळी सहलींवरचा लेख वाचला. वेरूळ, अजिंठा आणि तिकीट लावून होणाऱ्या हुरडा पार्ट्या त्यात आहेत. आमच्याकडील घराघराची सहल असलेली वेळ अमावस्या मात्र नाही, याचे वाईट वाटले. मार्गशीर्ष अमावस्येला लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत गावेच्या गावे शेतात असतात. शहरांतील बाजारपेठाही ओस पडतात. कडब्याच्या कोपीत (छोट्या खोपटात) पांडवांची पूजा होते आणि मग पंगत बसते. हिरवा हरभरा, तुरीचे दाणे, वाटाणा, मेथी, कांद्याची पात असे सगळे चिंच घालून बेसनात शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे (वाफवलेले गोळे), गव्हाची खीर, आणि मडक्यातली, लसूण ठेचून घातलेली ताकाची गार आंबील. (यासाठी आदल्या दिवसापासून बायका राबतात, हेही नोंदवले पाहिजे.) बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवतात, शेत नसलेल्यांनाही आवर्जून बोलावणे असते. हुरड्याचे दर छापायचे आणि ही मोफत पंगत विसरायची, हे बरोबर नाही. पुढील वर्षी या अमावस्येला पुरवणीत स्वतंत्र पान द्यावे आणि ते आमच्या भागातीलच कुणाकडून लिहून घ्यावे.

— एक वाचक, औसा (जि. लातूर)