लॅमिंग्टन रोडवरच्या अ‍ॅडॅप्टरवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव असं चारचौघांत लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून लिहीत नाही. पण भर दुपारी पिशवीतून बुद्धिबळाचं जुनं यंत्र काढून तुमच्या काउंटरवर ठेवणारी बाई तुम्हाला नक्की आठवत असेल. त्या यंत्रावर माझे बाबा पुन्हा खेळायला लागले आहेत.

रोहिणी खाडिलकर १९८१ मध्ये आशियाई विजेत्या झाल्या, तेव्हापासून बाबांना बुद्धिबळाचं जे वेड लागलं ते आजतागायत. ते पाहूनच आत्याने हे यंत्र अमेरिकेहून आणलं. सोबतचा अ‍ॅडॅप्टर तिकडच्या १२० व्होल्टचा, तो केव्हाच गेला. सहा मोठे सेल घालावेत तर ते भराभर उतरतात. 'मोबाइलवर खेळा की' असं सगळे सांगतात, पण ऐंशी ओलांडलेल्या डोळ्यांना त्या इवल्याशा पटावरचा उंट कुठला आणि प्यादं कुठलं हे कळत नाही. या यंत्रावर मोहरा हातात येतो, घरावर दाबून ठेवता येतो, आणि कडेचे दोन दिवे लागले की समोरची खेळी समजते. बाबांना तेच हवं असतं.

मूळ अ‍ॅडॅप्टर आता मिळणार तरी कुठून? अशी यंत्रं करणारी मायामीची फिडेलिटी कंपनी १९८९ मध्ये म्युनिकच्या हेगेनर अँड ग्लासरने घेतली, आणि १९९४ मध्ये तीही साइतेककडे गेली. दुकानांत गेलं की पिन बसतेय ना, एवढं बघून अ‍ॅडॅप्टर हातात ठेवत होते.

तुम्ही पिन बघितलीच नाहीत. आधी यंत्र उलटं करून सेलचं झाकण उघडलंत. सहा सेल, दीड-दीड व्होल्टचे, म्हणजे नऊ. मग मीटर बीपवर, म्हणजे आतून जोड असला की वाजेल असा, ठेवून एक टोक सॉकेटच्या मधल्या काडीला लावलंत आणि दुसरं सेलच्या पट्टीला. प्लसच्या पट्टीला काहीच नाही. मायनसच्या स्प्रिंगला लावताच बीप वाजला. "ताई, ह्याचा आत मायनस आहे. आता बहुतेक आत प्लसवाले येतात. तसाच लावला असता तर यंत्र गेलंच समजा." तो बीप ऐकून माझ्या अंगावर काटा आला, कारण दुकानांतून दाखवलेले सगळे अ‍ॅडॅप्टर आत प्लसवालेच होते.

जुना ट्रान्सफॉर्मरवाला नऊ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर तुमच्याकडे होता, स्वस्तही होता. तो मोकळाच मीटरला लावून तुम्ही मला आकडा दाखवलात: बाराच्या वर. यंत्र जोडून लोड आल्यावर आकडा खाली येतो, पण इतक्या जुन्या सर्किटवर कशाला प्रयोग, असं म्हणून तो बाजूला सारलात आणि मीटरवर बरोबर नऊ दाखवणारा, एक अँपिअरचा नवा काढलात. अँपिअर जास्त असले तरी यंत्र लागेल तेवढेच घेतं, हेही नीट समजावलंत. मग वायर कापून दोन्ही तारा उलट जोडल्यात, सोल्डर केलंत, वर स्लीव्ह चढवलीत, पुन्हा मीटरने तपासलंत आणि पट्टी चिकटवून तिच्यावर लिहिलंत: 'फक्त बुद्धिबळ. आत मायनस.' मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती, तरी तुमचा हात घाईत आला नाही.

एवढं करून पैसे घेतलेत ते फक्त अ‍ॅडॅप्टरचे. हे मात्र मला पटलेलं नाही. जे कळायला आणि करायला इतकी वर्षं जावी लागतात, त्याचे पैसे घ्यायलाच हवेत.

बाबा आता रोज सकाळी चहानंतर बसतात. हत्तीच्या पट्टीचा एक दिवा अधूनमधून लागत नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. पुढच्या आठवड्यात यंत्र घेऊन येते. बाबांनाही यायचं आहे, तुम्हाला स्वतः भेटायला. तेव्हा मजुरी आधी ठरवू, मग झाकण उघडा.

तुमची ऋणी,
बुद्धिबळवाल्या बाबांची लेक